घर बघायच्या आधी गल्ली चालून बघा: लहान मुलांसह पुण्यात घर शोधणाऱ्यांसाठी

तुमचं मूल पाच वर्षांच्या आतलं असेल आणि तुम्ही पुण्यात भाड्याचं घर शोधत असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. आम्ही चार वर्षांत तीन घरं केली. पहिलं शहराच्या पश्चिम टोकाला, मोठ्या संकुलात, अकराव्या मजल्यावर. आत बाग होती, पोहायचा तलाव होता, सायकलसाठी वेगळी वाट होती. पण गेटबाहेर पाऊल टाकलं की डंपरचा रस्ता. दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढायची आणि लेकीला मागच्या सीटवर पट्ट्यात बसवायचं. ती तीन वर्षांची झाली तरी भाजीवाल्यासमोर कधी उभी राहिली नव्हती.

मग आम्ही कोथरूडला आलो. तिथलं पहिलं घर चुकलं, दुसरं जमलं. या सगळ्यातून मला कळलेली गोष्ट ही: लहान मूल घराच्या भोवतीच्या पाचशे मीटरमध्ये वाढतं, आणि ते पाचशे मीटर भाडेकरारात कुठेच लिहिलेले नसतात. एजंट तुम्हाला हॉल किती मोठा आहे ते दाखवेल. गल्ली तुम्हालाच बघावी लागते. ती कशी बघायची, ते क्रमाने सांगते.

१. आधी तुमच्या जागांची यादी करा

कागद घ्या आणि आठवड्यात मुलाला घेऊन कुठे कुठे जावं लागतं ते लिहा. आमची यादी अशी होती:

- दूध आणि किराणा
- भाजी
- बालवाडी, आणि धाकट्यासाठी पाळणाघर
- मुलांचे डॉक्टर आणि औषधाचं दुकान
- बाग किंवा कुठलीही मोकळी जागा
- बसथांबा किंवा मेट्रो स्टेशन
- सासूबाईंना बसायला एक बाक आणि बोलायला चार माणसं

शेवटची ओळ गंमत म्हणून लिहिलेली नाही. दिवसभर मुलांजवळ आजी-आजोबा असणार असतील, तर गुडघे दुखणाऱ्या आजीला जो रस्ता जमतो तोच तीन वर्षांच्या नातवालाही जमतो. दोघांना एकच फुटपाथ लागतो.

आता यातल्या रोज लागणाऱ्या जागा कोणत्या आणि महिन्यातून एकदा लागणाऱ्या कोणत्या, यावर खूण करा. रोजच्या जागा मुलाच्या पायांनी दहा मिनिटांत यायला हव्यात. आमची लेक साडेतीन वर्षांची असताना चारशे मीटरला बारा मिनिटं घ्यायची, कारण वाटेत मुंग्यांची रांग असायची, मांजर असायचं, कुणाच्या तरी कंपाउंडवरून बाहेर आलेली जास्वंद असायची. नकाशातल्या ॲपची मिनिटं मोठ्या माणसाच्या चालीची असतात. त्यावर विसंबू नका.

२. भाग निवडताना

मी ज्या भागांत राहिले किंवा मूल हाताला धरून भरपूर हिंडले, त्यांच्याबद्दलच बोलते.

प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्त्याच्या मधल्या गल्ल्या मुलांना घेऊन चालायला फार चांगल्या आहेत. झाडांची सावली आहे, गाड्या हळू चालतात, कमला नेहरू उद्यान जवळ आहे. भाडं मात्र तसंच आहे, आणि आम्हाला ते झेपलं नाही.

कोथरूडमध्ये मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, आयडियल कॉलनी या भागांत आतल्या रस्त्यांवर दुकानं, दवाखाने, बालवाड्या आणि पोळी-भाजी केंद्रं सगळं मिसळून आहे. तिसऱ्या घरी आल्यावर आमची गाडी आठवडाभर जागची हलत नाही ती यामुळेच. शिवाय ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज ही मेट्रो सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती नदीपलीकडे गेली. स्टेशनला लिफ्ट आहे, त्यामुळे बाबागाडी न मिटता वर जाता येतं. रविवारी आम्ही मेट्रोने संभाजी उद्यानाला जातो. तिथून जंगली महाराज रस्त्याचा रुंद केलेला फुटपाथ मुलांना मोकळं सोडून चालता येण्याइतका मोठा आहे, आणि असं पुण्यात फार थोड्या ठिकाणी म्हणता येईल.

पेठांमध्ये सगळं दोन पावलांवर मिळतं, शेजारही भरभरून मिळतो. पण बऱ्याच गल्ल्यांत फुटपाथ नावापुरता असतो आणि दुचाकी अंगाला घासून जातात. सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत घर बघत असाल, तर आतल्या बोळातलं घर आणि हमरस्त्यावरचं घर यांत मुलाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सहकारनगरला जुन्या बंगल्यांच्या सोसायट्या, शांत रस्ते, वर तळजाईची टेकडी. पण खाली ओढ्याच्या बाजूला घर बघताना सावध राहा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर त्या भागातल्या लोकांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं. ओढा किंवा नदी जवळ असेल तर समोरच्या वाण्याला विचारा, "काका, पाणी कुठपर्यंत आलं होतं?" ते भिंतीवर हात ठेवून दाखवतात.

३. तोच रस्ता चार वेळा चाला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घर आवडलं तरी टोकन देऊ नका, आधी चाला. सोबत घ्या: मूल, बाबागाडी (नसेल तर शेजारून मागून आणा), मोजपट्टी, पाण्याची बाटली, मोबाइल.

पहिली फेरी सकाळी आठला. शाळेच्या व्हॅन, कचऱ्याची गाडी, ऑफिसला निघालेल्या दुचाकी, सगळं एकदम रस्त्यावर असतं. फुटपाथवरून दुचाकी चढवणारे याच वेळी दिसतात.

दुसरी दुपारी साडेबाराच्या आसपास, बालवाडी सुटायच्या वेळी. सावली कुठे आहे ते बघा. मार्च ते मे या तीन महिन्यांत सावली नसलेला चारशे मीटरचा रस्ता लहान मुलासाठी बंदच समजा. बाग बघायला याच वेळी गेलात तर कुलूप दिसेल, कारण महापालिकेची बहुतेक उद्यानं दुपारी बंद असतात. दारावरच्या वेळेच्या पाटीचा फोटो काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

तिसरी संध्याकाळी साडेसहा-सातला. रस्त्यावर मुलं खेळताना दिसतात का? आज्या कट्ट्यावर बसलेल्या दिसतात का? पथदिवे लागलेत का? मी घर ठरवताना याच फेरीला सगळ्यात जास्त महत्त्व दिलं. ज्या गल्लीत संध्याकाळी सात-आठ मुलं लगोरी किंवा क्रिकेट खेळत असतात, त्या गल्लीत गाडीवाले आपोआप हळू येतात. तसा फरक नुसत्या स्पीडब्रेकरने पडलेला मी पाहिला नाही.

चौथी पावसात. उन्हाळ्यात घर शोधत असाल तर ही जमणार नाही, तेव्हा दुकानदारांना विचारा. रस्त्याला पाणी किती तुंबतं, चेंबरची झाकणं नीट आहेत का, पेव्हर ब्लॉक निसटून खालचं पाणी उडतं का. पाण्याखाली उघडं चेंबर दिसत नाही. त्यामुळे मुलाला कोणत्या बाजूने न्यायचं ते पावसाळ्याआधीच ठरलेलं असलं पाहिजे.

४. मुलाच्या उंचीवरून बघा

कोपऱ्यावर गुडघ्यांवर बसा. लोक बघतील, बघू द्या. तीन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर उभ्या केलेल्या गाडीचं दार असतं, त्यापलीकडचं काही दिसत नाही. आणि येणाऱ्या रिक्षावाल्यालाही ते मूल दिसत नाही. ज्या कोपऱ्यावर अगदी वळणापर्यंत गाड्या लावलेल्या असतात, तो कोपरा रोजच्या वाटेवर असेल तर ती वाट बदला.

फुटपाथ मोजा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं सांगितलं आहे. मोकळी म्हणजे झाड, विजेची डीपी, पाटीचा खांब आणि टपरी वगळून उरते ती. बहुतेक गल्ल्यांत तेवढी भरणार नाही, तेव्हा तिथेच नाद सोडू नका. फुटपाथ अरुंद पण गल्ली शांत असेल तर चालतं. फुटपाथ अरुंद आणि रस्ता वाहता असेल तर नको.

मग येतो मोठा रस्ता ओलांडायचा प्रश्न. आमचं दुसरं घर इथेच चुकलं. बाग नकाशावर साडेतीनशे मीटर होती, मी खूश झाले आणि होकार देऊन टाकला. मधे कर्वे रस्ता होता. एका हातात बाबागाडी, दुसऱ्या हातात लेक, आणि सिग्नल सुटायच्या आधीच पुढे सरकणाऱ्या दुचाकी. दोनदा मी रस्त्याच्या मधोमध अडकले. त्यानंतर मी एकटी असताना त्या बागेत जाणंच सोडून दिलं, आणि मुलं सात महिने बहुतेक संध्याकाळी घरातच राहिली. ती हळहळ अजून आहे.

म्हणून सांगते, रोजच्या यादीतल्या जागा मोठ्या रस्त्याच्या ज्या बाजूला आहेत त्याच बाजूला घर घ्या. ते जमत नसेल तर तो चौक मुलासोबत प्रत्यक्ष ओलांडा. चालणाऱ्यांसाठी वेगळा हिरवा दिवा आहे का, तो किती सेकंद असतो, मधे थांबायला दुभाजकात जागा आहे का, वाहतूक पोलीस कोणत्या वेळी असतात. बाबागाडीने जाता-येता दोन्ही वेळा, घाई न करता पलीकडे पोचलात तरच ती वाट यादीत ठेवा.

५. इमारत आणि सोसायटी

इथे घाईघाईने बघून चालणाऱ्या गोष्टी: खिडकीला जाळी, गॅलरीच्या कठड्याच्या गजांमधलं अंतर, जिन्याचा कठडा, लिफ्टचं दार, पार्किंगमधून गेटपर्यंत चालायची वाट. मूल पळत बाहेर आलं तर थेट रस्त्यावर जातं, की मधे थोडं अंगण लागतं, ते नक्की बघा.

विचारून घ्यायच्या गोष्टी दोन. एक, मुलांनी खाली खेळायला सोसायटीची हरकत आहे का. काही ठिकाणी तशी पाटीच लावलेली असते. ही गोष्ट एजंटला विचारू नका, खाली भेटणाऱ्या काकूंना विचारा.

दुसरी, आणि कोथरूड-एरंडवण्यासारख्या जुन्या भागांत हिच्यासाठी हवं तर दहा माणसांना विचारा: इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का? तीन-चार मजली जुन्या सोसायट्या एकामागून एक पाडल्या जात आहेत. सर्वसाधारण सभेत ठराव झाला आहे का, बिल्डर ठरला आहे का, ते सेक्रेटरींना भेटून विचारा. मालक सांगेलच असं नाही. आम्हाला सांगितलं नव्हतं. सातव्या महिन्यात घर सोडायची नोटीस आली तेव्हा धाकटा सव्वा वर्षाचा होता आणि लेक नुकती बालवाडीत रुळली होती.

शेजारच्या इमारतीचंही विचारा. पाडकाम, ड्रिलिंग, खडीचे डंपर हे दोन-तीन वर्षं चालतं. धूळ सगळी तुमच्या खिडकीतून आत येते आणि चालायची गल्ली सिमेंटच्या गाड्यांनी भरते. दम्याचा त्रास असलेलं मूल असेल तर अशा प्लॉटला लागून घर घेऊच नका.

६. बालवाडी आणि शाळा

बालवाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे: जवळची घ्या. नाव मोठं पण आठ किलोमीटर दूर, अशा ठिकाणी साडेतीन वर्षांचं मूल व्हॅनमध्ये रोज दीड तास घालवतं. त्या वेळात ते गल्लीतल्या कुत्र्याचं नाव, वाण्याची चिमणी, पोस्टमन काकांची सायकल, काहीच बघत नाही. गल्लीतल्या बालवाडीत त्याला भेटणारी मुलं संध्याकाळी बागेतही भेटतात. मैत्री तशी जमते.

पहिलीच्या प्रवेशाचा विचार मात्र घर घेतानाच करा. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांमधल्या २५ टक्के जागांसाठी तुम्ही पात्र असाल, तर घरापासून शाळेपर्यंतचं अंतर मोजलं जातं आणि एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी प्राधान्य मिळतं. अर्ज भरताना नकाशावर घराची खूण स्वतः करायची असते. ती सोसायटीच्या गेटवर नेमकी करा. खूण भलतीकडे पडली आणि पडताळणीत पत्ता जुळला नाही, तर लागलेला प्रवेशही हातचा जातो. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार देणार असाल तर तो नोंदणी केलेला असावा लागतो. नुसत्या नोटरीवर भागत नाही.

७. कागदपत्रं

- दोघांचं आधार आणि पॅन कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो
- नोकरीचं पत्र किंवा पगाराच्या तीन महिन्यांच्या पावत्या (मालक मागतात)
- नोंदणीकृत भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स
- भाडेकरूची पोलीस पडताळणी केल्याची पोच
- मुलांचे जन्मदाखले, मूळ प्रत आणि चार-पाच झेरॉक्स
- लसीकरणाचं कार्ड
- सोसायटीचा फॉर्म, गाडीचा नंबर वगैरे

महाराष्ट्रात करार अकरा महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. ती जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. "अकरा महिन्यांच्याला नोंदणी लागत नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हल्ली अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरी येतो आणि अर्ध्या तासात काम होतं. करारात घर सोडायची मुदत दोन्ही बाजूंनी किमान दोन महिन्यांची करून घ्या. मुलांसह एका महिन्यात घर शोधणं फार कठीण जातं.

लसीकरणाचं कार्ड घेऊन महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात जाऊन या. राष्ट्रीय वेळापत्रकातल्या लसी तिथे मोफत मिळतात आणि कोणत्या वारी देतात ते कळतं.

८. पहिला महिना: गल्लीला मुलाची ओळख करून द्या

सामान लागायच्या आधी हे सुरू करा. रोज एकाच वेळी, एकाच वाटेने, मुलाला चालवत न्या. वाणी, भाजीवाल्या मावशी, इस्त्रीवाले काका, औषधाचं दुकान, वॉचमन, प्रत्येकाला मुलाचं नाव सांगा आणि त्यांचं नाव मुलाला सांगा. आमच्या लेकीने दुसऱ्या महिन्यात मावशींकडून कोथिंबिरीची जुडी एकटीने मागून घेतली. मी चार पावलं मागे उभी होते. तिच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान त्या अकराव्या मजल्यावर कधीच दिसला नसता.

एकदा मी पैसे मोजताना धाकट्याचा हात सोडला आणि तो वळणाकडे निघाला. इस्त्रीवाल्या काकांनी त्याला नावाने हाक मारली आणि तो थांबला. नाव माहीत असण्याचा उपयोग असा होतो.

चालायचे नियम थोडेच ठेवा आणि ते कधीच मोडू नका. आमचे तीन आहेत. रस्त्याच्या बाजूला मोठं माणूस, भिंतीच्या बाजूला मूल. प्रत्येक गेटसमोर थांबून आत बघायचं, कारण गाडी उलटी बाहेर येते. रस्ता ओलांडताना हात धरायचा आणि पळायचं नाही, कितीही घाई असली तरी. आपणच मधेच दुभाजक ओलांडून गेलो तर मूल तेच शिकतं.

दुचाकीशिवाय पुण्यात भागत नाही हे मला मान्य आहे. पण १५ फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमाने चार वर्षांच्या आतल्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि नऊ महिन्यांपासून हेल्मेट आवश्यक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. मुलांच्या मापाचं हेल्मेट घ्या, मोठ्यांचं घट्ट करून घालू नका. मूल पुढे उभं करून नेणं पूर्ण बंद करा. घर नीट निवडलं असेल तर दुचाकीवर न्यायची वेळच कमी येते.

पावसाळ्यासाठी छत्रीपेक्षा रेनकोट आणि गमबूट. छत्रीने मुलाला समोरचं दिसत नाही आणि तुमचा एक हात अडकतो.

९. रस्ता बिघडला असेल तर अर्ज करा

फुटलेली फरशी, उघडं चेंबर, पुसलेले पांढरे पट्टे यांसाठी तुमच्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जात नेमकी जागा लिहा: कोणत्या इमारतीसमोर, कोणत्या दुकानाजवळ. फोटो जोडा. खाली चार पालकांच्या आणि दोन आजी-आजोबांच्या सह्या घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पुणे महापालिकेत नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत २००६ पासून आहे. दरवर्षी ठरावीक मुदतीत फॉर्म भरून आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात, जसं बाक, फुटपाथची दुरुस्ती, बागेतली खेळणी. वर्तमानपत्रात तारीख आली की लगेच भरा, मुदत पटकन संपते. दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो. त्या दिवशी मुलांना घेऊन नक्की जा, आणि महापालिकेचे अधिकारी भेटले तर आपल्या गल्लीचा फोटो दाखवा.

आम्ही बालवाडीसमोरच्या कोपऱ्यासाठी अर्ज दिला होता, तिथे वळणावर गाड्या लावू नयेत म्हणून. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला पहिल्याच्या पोचेची झेरॉक्स जोडली आणि बालवाडीच्या बाईंचीही सही घेतली. पाच आठवड्यांनी तिथे तीन खांब बसले. आता त्या कोपऱ्यावरून लेकीला पलीकडचा रस्ता दिसतो.